डावा हातमोजा

४ जानेवारी

बारके,

वर 'प्रिय' लिहावं की नाही यावरच माझा अर्धा चहा गार झाला. शेवटी नुसतं नाव लिहिलं. प्रिय तू आहेसच, पण चार वर्षं फोन न उचलणाऱ्या बहिणीला तसं लेखी द्यायचं म्हणजे जरा जिवावर येतं. फोन तू कापतेस. पत्र दाराखालून आत येतं, ते काही कापता येत नाही. फाडायचंच असेल तर फाड, पण वाचून फाड.

दोन कामांसाठी लिहिते आहे. पहिलं, तुझं ते काजं करायचं मशीन अजून माळ्यावर पडलंय. मी ते फुटपाथवर ठेवलं हे तुझ्या लक्षात आहे, पण त्याच दिवशी इस्त्रीवाल्या काकांनी ते उचलून आत आणलं हे तुला माहीत नसणार, कारण तू तोवर तणतणत निघून गेली होतीस. न्यायचं तर ने. आईच्या दुकानात मी जिवंत असेपर्यंत मशीनचं काज होणार नाही, हे मी तेव्हा म्हटलं आणि आताही म्हणते. हाताचं काज कोटाबरोबर म्हातारं होतं. मशीनचं दोन धुण्यांत दात विचकतं. तू तिकडे तयार कपड्यांच्या कारखान्यात दिवसाला किती हजार काजं तपासतेस, तुला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

दुसरं, मला फुफ्फुसाचा कॅन्सर झालाय.

आता म्हणशील, हिने क्रम मुद्दाम असा लावला. हो, मुद्दाम लावला. आधी हे लिहिलं असतं तर मशीनचं वाचलंच नसतंस.

खोकला होता. जन्मभर लोकरीची धूळ खाल्ली, खोकला येणारच, असं म्हणून मी कानाडोळा केला. मग जिना चढताना धाप लागायला लागली. काकांनी इस्त्री खाली ठेवली आणि म्हणाले, "तू डॉक्टरकडे जाईपर्यंत मी एकाही कोटाला हात लावणार नाही." या वयात संप करतात बघ! मग मी गेले. फोटो काढले, सुई घालून गाठीचा तुकडा काढला. गाठ कापून काढण्यासारखी राहिलेली नाही, शेजारच्या ग्रंथींतही थोडी गेली आहे.

माझी डॉक्टरीणबाई तरुण आहे. बोलायला सरळ. पांढऱ्या कोटाच्या बाह्या तिला लांब होतात, निम्मी बोटं झाकतात. ती माझ्या फुफ्फुसाचा फोटो दाखवत होती आणि माझं लक्ष सगळं त्या बाह्यांवर. शेवटी राहवेना, पर्समधल्या टाचण्या काढून दोन्ही बाह्या दुमडून दिल्या. ती हसली आणि तशीच टाचण्या लावून पुढे बोलली. तेव्हाच ठरवलं, हिच्याकडेच औषध घ्यायचं.

ती म्हणते, एक नवं औषध आहे, सलाईनसारखं शिरेतून देतात. ते स्वतः कॅन्सरला मारत नाही, आपल्याच रक्तातल्या पेशींना जागं करतं आणि लढायला लावतं. पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. कोणाला पडेल याचा थोडा अंदाज गाठीच्या तुकड्यावरून येतो, थोडा रक्तावरून. तुकड्याचं उत्तर बरं आलंय. रक्त परवा द्यायचंय.

मी तुला बोलावत नाहीये. नुसतं कळवते आहे. आपल्याला आता दुसरं कोण आहे, म्हणून.

तुझी,
ताई


१२ जानेवारी

बारके,

रक्ताचं उत्तर आलं. वाईट आहे.

तुला उत्तर द्यायची तसदी घ्यायची नसली तरी मी लिहिणार, कारण काकांसमोर रडलं की ते बिचारे चहावर चहा करत सुटतात आणि मला तो प्यावा लागतो.

नीट सांगते, मला जेवढं कळलं तेवढं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यांत दोन जाती महत्त्वाच्या. एक जात कुठे काही झालं की धावत सुटणारी, हाणामारीवाली. दुसरी जात सावकाश, शत्रूला ओळखणारी, लक्षात ठेवणारी. औषध जागं करतं ते या दुसऱ्यांना. माझ्या रक्तात धावणारे भलतेच वाढलेत आणि ओळखणारे कमी पडलेत. दुकानात हमालच हमाल आणि कारागीर दोन, मग कोट शिवणार कोण? शिवाय अंगात सूज असली की वाढणारं एक प्रथिन असतं, तेही चढलंय. आणि ताकदीचं जे प्रथिन असतं ते उतरलंय. तिन्ही मिळून ज्यांचे आकडे असे येतात त्यांना नुसतं हे औषध बहुतेक पुरत नाही, असं आजवर दिसलंय म्हणे.

"हा अंदाज आहे, निकाल नव्हे," असं ती तीनदा म्हणाली. तीनदा म्हणाली म्हणूनच मला तो निकाल वाटला.

मग आता? तर म्हणे नव्या औषधाबरोबर जुनं जहाल औषधही जोडायचं. केस जातील. जाऊ देत, नाहीतरी काय राहिलेत. उलट्या होतील. होऊ देत. पण मी विचारलं, "आणि हातांना काही?" तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, या जोडीतल्या एका औषधाने बोटांची टोकं बधिर होऊ शकतात. मुंग्या येतात, सुई धरली तरी कळत नाही. काहींना नंतर सुधारतं, काहींना नाही सुधारत.

बारके, मी उठून आले. "विचार करून सांगते," म्हटलं आणि आले.

तुला म्हणून सांगते. मला मरणाची भीती वाटते, पण ती सगळ्यांना वाटते तेवढीच. बोटांची जास्त वाटते. डोळे मिटून मी कापडाची कड चिमटीत धरली की लोकर कसली, भेसळ किती, आडवं ताणेल की उभं, सगळं सांगते. ते गेलं तर मागे काय राहतं? एक खोकणारी म्हातारी.

तपासणीचीही गंमत सांगते. थंडी फार म्हणून हातमोजे घालून गेले होते. रक्त काढणारी पोरगी म्हणाली, मोजे काढा. मी उजवा काढला, डावा ठेवला. रक्त एकाच हातातून घेतात ना? मग दुसरा हात कशाला गारठवायचा. आणि त्यांच्या चौकशा तरी किती. ताप आहे का, दात दुखतो का, घसा, लघवीला जळजळ, कुठे लागलंय का, पिकलंय का. मी म्हटलं, बाई गं, कॅन्सर आहे तेवढा पुरे नाही का?

अगं हो, एक राहिलं. बँडवाल्यांचे कोट आलेत शिवायला, पितळी बटणांचे, समोर दोन-दोन रांगा. काजंच काजं. तुझं ते मशीन काकांकडून खाली उतरवून घेतलं, तेल घातलं, सध्या त्याच्यावरच करते आहे. अगदीच टाकाऊ नाही म्हणायला हरकत नाही. झालं समाधान?

ताई


१८ जानेवारी

बारके,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, अजून 'ल' तसाच काढतेस, शेपटी वर उडवून. पुढे वाचायचा धीर होईना, काकांना खोटं सांगितलं की चष्मा विसरले, म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं. आणि काय लिहिलंयस? "ताई, काजं मशीनवर का?" बस्स. पुढे काही नाही. मागे उलटून बघितलं, मागे पत्ता.

कमाल आहे बाई तुझी! बहीण मरायला टेकली आहे असं मी सविस्तर, समजावून लिहिते, पेशींच्या जाती लिहिते, आणि तुला पडलंय काय तर मशीन! म्हणजे चार वर्षं तू तेवढ्याच एका गोष्टीवर अडून बसली होतीस? जिंकलीस म्हण. वाजव ढोल. बँडवाले इथेच आहेत, पाठवून देते.

का म्हणजे काय का? कोट पुष्कळ आहेत. घाई आहे. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. थंडीत बोटं आखडतात. माणसाचं मत बदलू शकतं. यातलं कुठलं पटतंय ते घे.

आईने हे सगळं ऐकलं असतं तर म्हणाली असती, बोट घाल तोंडात आणि कामाला लाग. आजकाल तिची फार आठवण येते. अंगात थोडी कणकण आहे, त्यामुळेही असेल.

डॉक्टरीणबाईचा फोन आला होता. सोमवारपर्यंत सांगा म्हणाली. मी ठरवलंय, जहाल औषध नको सांगायचं. आणि ते घ्यायचं नाही तर नवंही कशाला? नुसत्या नव्याने होणार नाही हे माझ्या रक्तानेच सांगून टाकलंय. बँडवाल्यांचे कोट पुरे करीन, दुकानाच्या किल्ल्या काकांकडे देईन. तुला हवं तर तू घे दुकान, हवं तर विकून टाक.

मला वाटलं होतं, तू निदान एकदा 'कशी आहेस' म्हणशील. असो. आता परत लिहिणार नाही.

ताई


१० फेब्रुवारी

प्रिय बारके,

घे, लिहिलं एकदाचं 'प्रिय'.

तू परत जायला गाडीत बसलीस तेव्हा खरं ते बोलायचं राहून गेलं. मी तिथे उभी राहून डब्याच्या खिडकीला पडदे कसे भंगार शिवलेत त्यावर बोलत राहिले, हे माझ्या लक्षात आहे. म्हणून आता लिहिते. काही तुला माहीत आहे, काही नाही, सगळंच लिहिते.

त्या सोमवारी सकाळी मी दुकान उघडून बसले होते. दार ढकललं गेलं. तू. हातात पिशवी, नाक थंडीने लाल, केस किती पांढरे झालेत गं तुझे! मी मनाशी चार वर्षं एक भाषण तयार ठेवलं होतं, ते तोंडात आलं. आणि तू ना 'ताई' म्हणालीस, ना पिशवी खाली ठेवलीस. दारातूनच म्हणालीस, "हात दाखव."

मी उजवा पुढे केला.

"दुसरा."

मी तो पाठीमागे नेला. काका इस्त्री धरून तसेच उभे, एक बाही करपली त्या दिवशी, ती मी नंतर बदलली. तू माझा डावा हातमोजा ओढून काढलास आणि अंगठ्याशेजारचं बोट बघितलंस. मला आठवतं, तू ओरडली नाहीस. खाली बसलीस, तिथेच, चिंध्यांच्या ढिगावर, आणि रडायला लागलीस. "तू मशीनवर काजं करतेस असं वाचलं तेव्हाच कळलं मला," म्हणालीस. "तू मेलीस तरी मशीनवर काज करणार नाहीस. कापड धरता येत नसेल तरच करशील."

काका रोज माझ्याशेजारी बसतात, त्यांना कळलं नाही. मी त्यांना सांगितलं होतं, थंडीसाठी मोजा. तुला इतक्या लांबून एका वाक्यावरून कळलं. आणि मी तुझ्या कार्डावर किती फणफणले होते!

सुई गेली होती नखाखाली. कोटाच्या आतला जाड कॅनव्हास टाचताना, जाड सुई, जोरात. डिसेंबर संपताना. त्याचं काय एवढं? आपल्याला किती वेळा टोचलीय. तुला आठवतं ना, आपण लहान असताना टोचली आणि 'स्स' केलं की आई मापाच्या पट्टीने पाठीत द्यायची. टोचल्याचं सांगायचं नाही. गिऱ्हाइकाला तर नाहीच, एकमेकींनाही नाही. बोट तोंडात घालायचं, कापडावर थेंब पडला असेल तर आपल्याच थुंकीने पुसायचा, कारण आपलं रक्त आपल्या थुंकीनेच निघतं, आणि पुढचा टाका घालायचा. ज्या शिंपिणीचं बोट टोचतं तिचा हात कच्चा, असं लोक म्हणतील, म्हणून. मी तेच केलं. बोट ठणकायला लागलं, सुजलं, नख काळं पडलं, तरी तेच केलं. आणि डॉक्टरीणबाईने कुठे लागलंय का विचारलं तेव्हा, देवाशपथ, मला ते आठवलंसुद्धा नाही. सुई टोचणं म्हणजे लागणं, असं माझ्या डोक्यातच कधी नव्हतं. मोजा मात्र काढला नाही. म्हणजे आठवलं नाही, पण झाकलं. आता तूच काय ते समज.

तू मला हाताला धरून, म्हणजे चांगल्या हाताला धरून, दवाखान्यात नेलंस. तू बाहेर औषधं आणायला गेलीस तेव्हा आत काय झालं ते तुला सांगितलं नव्हतं. बोट फोडून पू काढल्यावर डॉक्टरीणबाईने हात धुतले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मला वाटलं, आता झापणार. झापलंच, पण हळू आवाजात. म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं ना? सूज म्हणजे सूज. रक्ताला काय ठाऊक ती बोटाची आहे की गाठीची? हमाल धावले ते तुमच्या बोटाकडे धावले." (हमाल हा माझाच शब्द, मीच तिला सांगितला होता.) "आणि अशा पिकलेल्या बोटावर मी जहाल औषध दिलं असतं, तर त्या बोटानेच तुमचा जीव घेतला असता. कॅन्सरपर्यंत जावं लागलं नसतं."

मग म्हटलं, "बाई, मला सवय नाही सांगायची." तर ती म्हणाली, "मग लावून घ्या. मला तुमच्याबद्दल जे कळतं ते तुम्ही सांगाल तेवढंच, बाकी सगळे आकडे."

बाह्यांना अजून माझ्याच टाचण्या होत्या. आता तो कोट घरी आणलाय, नीट दुमडून शिवून देणार आहे.

तू राहिलीस. बोट सुकेपर्यंत राहिलीस, कारखान्यात काय सांगून रजा काढलीस देव जाणे. आणि एक दिवस मी दुपारची पडून उठले तर दुकानात काय दिसलं? तू खिडकीपाशी बसून बँडवाल्यांच्या कोटाला काजं करते आहेस. हाताने. मशीन बाजूला. मी जाऊन मशीनपाशी बसले आणि अस्तरं जोडायला घेतली, तर तू म्हणालीस, "ताई, त्याच्यावर फक्त काजं होतात." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. तुझा हात अजून तसाच आहे, बारके. अगदी आईचा. मला वाटलं होतं, कारखान्याने तो नासवला असेल.

आता मुख्य गोष्ट. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी बोट सुकल्यावर पुन्हा दिलेल्या रक्ताचं उत्तर आलं. सुजेचं प्रथिन उतरलंय. हमाल घरी गेलेत, बरेचसे. कारागीर होते त्यापेक्षा जास्त निघाले. अगदी उत्तम नाहीत म्हणाली, मधल्या रांगेतले. ताकदीचं प्रथिन अजून कमीच आहे, खात जा म्हणाली. पण आता नुसतं नवं औषध देऊन बघायला हरकत नाही, जहाल औषध बाजूला ठेवू, लागलं तर बघू. मी विचारलं, "म्हणजे लागू पडेल?" तर परत तेच, अंदाज आहे, निकाल नव्हे. या वेळी एकदाच म्हणाली.

शुक्रवारी पहिली बाटली. तुझा फोन उचलेन. तू माझा उचल.

तुझी ताई


२० एप्रिल

प्रिय बारके,

फोनवर सगळं बोलता येत नाही, काका ऐकत असतात आणि मग चहा करतात.

चौथी बाटली झाली. त्रास म्हणशील तर अंगाला खाज सुटते आणि दुपारी गळून जायला होतं. बोटं ठीक आहेत. रोज सकाळी उठून आधी दहाही बोटं एकमेकांवर घासून बघते, मग डोळे उघडते. आता रक्त काढायला गेले की दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवते. ती पोरगी म्हणते, "आजी, एकच पुरे." मी म्हणते, बघून घे बाई, मग बोलू नका.

एक वाईट झालंय. तुला मी दवाखान्यात खिडकीपाशी बसणाऱ्या गृहस्थांबद्दल सांगितलं होतं ना, बसचालक होते ते? आमच्या बाटल्या एकाच दिवशी असायच्या. ते फार थट्टा करायचे माझी. म्हणायचे, "बाई, माझं रक्त पहिल्या वर्गातलं आहे, तुमचं आपलं साधारण डब्यातलं." खरंच होतं ते. त्यांचे सगळे आकडे छान होते, डॉक्टरीणबाईसुद्धा खूष होती. आणि परवा कळलं, त्यांना औषध लागूच पडलं नाही. गाठ वाढली. आता त्यांना ते जहाल औषध सुरू केलंय.

मी त्यांना भेटायला वरच्या वॉर्डात गेले. मला बघून म्हणाले, "रिझर्वेशन होतं, पण गाडीच सुटली नाही." मला हसूही आलं आणि रडूही. त्या औषधाने त्यांना गळ्याशी थंडी वाजत होती, म्हणून उरलेल्या लोकरीचा गळपट्टा शिवून दिला. कडेला काज केलं आणि एक पितळी बटण लावलं, बँडवाल्यांचं उरलेलं. हाताने केलं. ते बटण ते सारखे उघडत-लावत होते.

घरी आल्यावर मी हिशोब करत बसले. ज्यांचे आकडे चांगले त्यांचं असं, मग मधल्या रांगेतल्यांनी काय आशा धरायची? डॉक्टरीणबाईला विचारलं. तिने या वेळी समजावून सांगितलं नाही. म्हणाली, "मलाही फार वाईट वाटलं. आकडे शंभर माणसांबद्दल सांगतात. समोर बसलेल्या एकाबद्दल मला फक्त वाट बघता येते." तिचा चेहरा असा झाला की मीच तिला पाणी दिलं.

जूनमध्ये फोटो काढणार. तोवर वाट बघायची. मला वाट बघता येत नाही हे तुला माहीत आहे. कोटाची ट्रायल असली तरी मी गिऱ्हाइकाच्या आधी दारात. तू रोज फोन कर. काय बोलावं सुचलं नाही तर मशीनवरून भांडू.

तुझी ताई


२६ जून

प्रिय बारके,

फोटोचं तुला काल फोनवर सांगितलं, तरी लिहून पाठवते, म्हणजे तुझ्याकडे राहील. गाठ लहान झाली आहे. गेलेली नाही. ग्रंथींतली जवळजवळ दिसत नाही. डॉक्टरीणबाई फोटो दाखवत होती आणि या वेळी मी बाह्यांकडे बघितलंच नाही. त्या नीटच आहेत, मीच शिवल्यात. औषध चालू ठेवायचं, पुढे काय होईल ते पुढे. ती म्हणाली, "लागू पडलंय." अंदाज वगैरे काही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली आणि मी तिथे मोठ्याने रडले, बाहेरच्या बाकावरच्या लोकांना वाटलं असेल उलटंच काही झालंय.

बसचालक अजून आहेत. अशक्त आहेत, पण परवा मला म्हणाले, "बाई, साधारण डबाच शेवटी पुढे गेला." माझ्यासाठी त्यांना खरंच आनंद झाला होता. मी त्यांचा हात धरून बसले. त्यांची बोटं बधिर झाली आहेत आता, बटण लावता येत नाही. मी लावून दिलं. मी जे नको म्हणून उठून आले होते ते हा माणूस रोज सोसतोय, आणि थट्टा करतोय.

तू सप्टेंबरात कायमची येतेस हे काकांना सांगितलं. ते इस्त्रीचं दुसरं टेबल पुसत बसले. मशीन मी खिडकीपाशी, उजेडात ठेवलंय. शाळेच्या गणवेशांना, रोजच्या सदऱ्यांना ते चालेल. कोटांना नाही. यावर वाद नको. वाद घालायचा तर समोर येऊन घाल.

आणि आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते. आज सकाळी कॉलर टाचत होते, उन्हात, चष्मा लावून, आणि सुई टोचली. डाव्या अंगठ्याला, आडवी, बऱ्यापैकी आत. थेंब आला. हात आपोआप तोंडाकडे गेला, इतक्या वर्षांची सवय. मग थांबले. नळाखाली धुतलं, काकांना हाक मारून दाखवलं. ते घाबरून चहाच करायला निघाले.

डॉक्टरीणबाईला आता फोन करते. पण आधी तुला सांगावंसं वाटलं.

टोचली, बारके. दुखलं. चांगलं दुखलं.

तुझी ताई